टी पेशींना चयापचयातले सूक्ष्म रेणू कसे कळतात? : वाचकांचे प्रश्न

टी पेशी, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, जंतूंना त्यांच्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून ओळखतात, असे या सदरात मागे एकदा लिहिले होते. ते चूक नव्हते, पण अपुरे होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सांगली) : हाडे ठिसूळ झाल्यामुळे मला वर्षातून एकदा द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड शिरेतून दिले. दुसऱ्या दिवशी सडकून ताप आला आणि सगळे अंग ठणकू लागले. डॉक्टर म्हणाले, की ही ॲलर्जी नाही आणि जंतुसंसर्गही नाही, शरीरातल्या प्रतिकारपेशी चेतवल्या गेल्या आहेत. हाडांच्या औषधाचा प्रतिकारपेशींशी काय संबंध?

आपल्या डॉक्टरांनी दिलेले कारण अचूक आहे. पहिल्या मात्रेनंतर असा त्रास अनेकांना होतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ताप, अंगदुखी, डोकेदुखी, सांधेदुखी यांसारखी लक्षणे पहिल्या मात्रेनंतर सुमारे ३२ टक्के स्त्रियांमध्ये दिसली. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आले आणि तिसऱ्या वर्षी ३ टक्क्यांच्या. त्यामुळे पुढच्या मात्रेची धास्ती घेऊन उपचार सोडू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तापासाठी आधीच काही घ्यावे का, हे मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

आता कारणाकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत कोलेस्टेरॉल आणि इतर काही आवश्यक पदार्थ बनवणारी एक साखळी अखंड चालू असते. या साखळीत मध्यावर आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट, म्हणजे आयपीपी, नावाचा पाच कार्बन अणूंचा एक छोटा रेणू तयार होतो आणि पुढचे विकर (एन्झाइम) त्याच्यापासून मोठे रेणू जोडत जातात. झोलेड्रोनिक ॲसिड हाड झिजवणाऱ्या पेशींमधल्या या पुढच्या विकरालाच अडवते, आणि त्या पेशी थंडावल्यामुळे हाड वाचते. पण शिरेतून दिलेले औषध हाडात पोहोचण्याआधी रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीही त्यातला काही भाग गिळतात. पाटाचे दार बंद केले की मागे पाणी तुंबते, तसा त्यांच्यात आयपीपी साचू लागतो. एरवी आयपीपी इतका थोडा असतो की कोणाचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो साचला, की रक्तात फिरणारा टी पेशींचा एक विशिष्ट गट खडबडून जागा होतो आणि ताप आणणारी संदेशक प्रथिने सोडू लागतो. या गटाला त्याच्या ग्राही प्रथिनाच्या, म्हणजे ज्याने टी पेशी आपले लक्ष्य ओळखते त्या प्रथिनाच्या, घडणीवरून व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ पेशी म्हणतात. प्रौढ माणसाच्या रक्तातील टी पेशींमध्ये त्या साधारणपणे १ ते ५ टक्के असतात.

या पेशी मुळात आयपीपीसाठी नाहीत. त्यांचे खरे लक्ष्य त्याचाच एक चुलतभाऊ आहे. क्षयाचा जंतू, ई. कोलाय आणि इतर असंख्य जीवाणू हेच पाच कार्बनी रेणू बनवतात, पण निराळ्या मार्गाने. हा दुसरा मार्ग १९९०च्या दशकात मिशेल रोमर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून उजेडात आला. त्या मार्गावर एचएमबीपीपी नावाचा एक मधला पदार्थ तयार होतो, जो माणसाच्या पेशी कधीच बनवत नाहीत. आपल्याही पेशींत असणाऱ्या डीएमएपीपी या आयपीपीच्या जुळ्या रेणूहून त्याच्यात केवळ एक ऑक्सिजन अणू जास्त असतो. या एका अणूमुळे तो आयपीपीपेक्षा दहा हजारपट, काही मोजमापांत त्याहूनही अधिक, प्रभावीपणे या टी पेशींना चेतवतो. औषधाने आपल्या स्वतःच्या रेणूचा साठा इतका वाढवला, की शरीराला जंतू शिरल्याचा भास झाला. आपला ताप हा त्या भासाचा ताप होता.

प्रश्न (एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, नाशिक) : आम्हाला शिकवले जाते, की टी पेशीला प्रतिजन (ओळखायचा पदार्थ) दाखवावा लागतो, पेशीच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिनाच्या खोबणीत पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) बसते आणि टी पेशीचा ग्राही दोघांना मिळून ओळखतो. एचएमबीपीपी तर एखाद्या पेप्टाइडच्या पासंगालाही पुरणार नाही. तो कोणत्या खोबणीत बसतो आणि टी पेशीला दिसतो कसा?

हा प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण संशोधकांना तो जवळपास वीस वर्षे छळत होता आणि त्याचे उत्तर अखेर प्रथिनांच्या रचनेनेच दिले. थोडे सविस्तर लिहितो.

एचएलएच्या एका प्रकाराची त्रिमिती रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या माथ्यावरची लांबट खोबण पाहूनच पेप्टाइड कोठे बसत असणार हे उघड झाले. ८ ते १० अमिनो आम्लांचे पेप्टाइड त्या खोबणीत आडवे पडते आणि त्याचा काही भाग वर उघडा राहतो. टी पेशीचा ग्राही तो उघडा भाग चाचपतो. नऊ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचा रेणुभार हजाराच्या आसपास असतो, तर एचएमबीपीपीचा अवघा २६२. असा रेणू एखाद्या खोबणीत शिरला, तर वर चाचपण्यासारखे फारसे काही उरणारच नाही. शिवाय त्याच्या दोन फॉस्फेट गटांवर ऋण भार असतो, त्यामुळे तो पेशीपटलातून सहज ये-जा करू शकत नाही. क्षयाच्या जंतूतून काढलेले फॉस्फेटयुक्त छोटे रेणू या टी पेशींना चेतवतात, हे १९९४ सालीच कळले होते; एचएमबीपीपीची ओळख २००१ च्या सुमारास पटली; पण त्यांना दाखवणारे प्रथिन काही केल्या सापडत नव्हते.

पहिला पक्का धागा २०१२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांच्या हाती लागला. बीटीएन३ए१ या प्रथिनाला चिकटणारा एक प्रतिपिंड एचएमबीपीपी नसतानाही या टी पेशींना जागे करतो आणि ते प्रथिन काढून टाकले तर एचएमबीपीपी निष्प्रभ ठरतो, असे त्यांना आढळले. हे प्रथिन पेशीपटलात रोवलेले असते. त्याचे दोन भाग पटलाबाहेर डोकावतात आणि बी३०.२ नावाचा एक मोठा, गोळीव भाग पेशीच्या आत लोंबतो.

मग खरा वाद सुरू झाला. २०१३ मध्ये एका गटाने मांडले, की एचएमबीपीपी या प्रथिनाच्या बाहेरच्या भागाला चिकटतो. ही कल्पना साहजिक होती, कारण ती एचएलएच्या परिचित चित्राशी जुळत होती. पण पुढच्याच वर्षी शिकागो विद्यापीठातील एरिन ॲडम्स यांच्या गटाने आतल्या बी३०.२ भागाचे स्फटिक बनवून, क्ष-किरणांनी त्याची रचना काढून वेगळेच दाखवले. त्या भागावर एक उथळ खळगा आहे, त्याच्या काठाने धन भाराची अमिनो आम्ले उभी आहेत, आणि फॉस्फेटचा ऋण भार त्यांच्यामध्ये नेमका बसतो. द्रावणातील मोजमापांनीही हेच सांगितले : आतला भाग एचएमबीपीपीला घट्ट धरतो, आयपीपीला साधारण हजारपट सैल धरतो, आणि बाहेरच्या भागाला या रेणूंशी काहीच देणेघेणे नसते.

यातला एक प्रयोग मला विशेष मोलाचा वाटतो. बीटीएन३ए१चे एक सख्खे भावंड आहे, बीटीएन३ए३. दोघांचे आतले भाग जवळपास सारखे आहेत, तरीही बीटीएन३ए३ला हे रेणू मुळीच धरता येत नाहीत. दोन्ही रचना शेजारी ठेवून पाहिल्यावर कारण एका जागी सापडले. खळग्यात जेथे बीटीएन३ए१मध्ये हिस्टिडिन हे अमिनो आम्ल आहे, तेथे भावंडात आर्जिनिन आहे. त्या एका आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन बसवले, तेव्हा बीटीएन३ए३लाही रेणू धरता येऊ लागला. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात नेमके कोणते बदलून पाहावे, हे रचना समोर नसती तर कोणालाही सुचले नसते.

पण या उत्तराने नवी अडचण उभी केली. रेणू आतल्या खळग्यात, टी पेशी बाहेर, आणि मध्ये सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचे पेशीपटल. म्हणजे टी पेशीचा ग्राही या रेणूला कधी स्पर्शच करत नाही. मग आतली वर्दी बाहेर कशी पोहोचते?

त्यासाठी आणखी एक प्रथिन सापडावे लागले. २०२० मध्ये मेलबर्न येथील संशोधकांनी, आणि स्वतंत्रपणे बर्मिंगहॅम व वुर्झबर्ग येथील गटांनी दाखवले, की याच कुळातल्या बीटीएन२ए१ या प्रथिनाखेरीज ही ओळख पटत नाही. त्याचा बाहेरचा भाग टी पेशीच्या ग्राहीतील व्ही-गॅमा-९ साखळीला थेट बाजूने धरतो. येथेही एक वेगळेपण आहे. एरवी टी पेशीचा ग्राही प्रतिजनाला आपल्या टोकाने ओळखतो, आणि ते टोक प्रत्येक पेशीत जनुकांच्या जुळवाजुळवीतून निराळे घडलेले असते; पण बीटीएन२ए१ ज्या बाजूला धरते, ती व्ही-गॅमा-९ असलेल्या सर्व पेशींत सारखीच असते. त्यामुळे या गटातली जवळजवळ प्रत्येक पेशी एकाच इशाऱ्याला उत्तर देऊ शकते, आणि नेमकी पेशी हजारो पेशींतून शोधून वाढवण्यात वेळ जात नाही.

२०२३ मध्ये बीजिंगच्या त्सिंगुआ विद्यापीठातील झांग योंगहुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेला मोठा दुवा जोडला. बीटीएन३ए१च्या आतल्या खळग्यात एचएमबीपीपी बसला, की खळगा आणि रेणू मिळून एक नवा पृष्ठभाग तयार होतो; आणि त्या जोड पृष्ठभागाला बीटीएन२ए१चा आतला भाग येऊन चिकटतो. रेणू नसेल तर ही दोन प्रथिने आतल्या बाजूने एकमेकांना धरत नाहीत. म्हणजे एचएमबीपीपी येथे डिंकाचे काम करतो. एका बाजूने तो फॉस्फेट गटांनी खळग्यात रुतलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने त्याचा हायड्रॉक्सिल गट समोरच्या प्रथिनाशी हायड्रोजन बंध जोडतो. पहिल्या उत्तरात उल्लेख केलेला जास्तीचा ऑक्सिजन अणू तो हाच. आयपीपीकडे तो नाही, म्हणून तो खळग्यातही सैल बसतो आणि समोरच्याला धरण्यातही कमी पडतो. खळग्यातील पकडीचा फरक हजारपटीचा असताना टी पेशींवरच्या परिणामाचा फरक दहा हजारपटीच्या वर का जातो, हे कोडे या दुसऱ्या स्पर्शामुळे उलगडू लागते.

आत ही जोडी जमली, की बाहेरच्या भागांची मांडणी बदलते आणि टी पेशीचा ग्राही ती बदललेली मांडणी ओळखतो. अलीकडच्या कामातून असे दिसते, की बीटीएन२ए१ ग्राहीला बाजूने धरते आणि बीटीएन३ए प्रथिनांचा बाहेरचा भाग ग्राहीच्या दुसऱ्या भागाला भिडतो. बाहेरच्या भागांची ही हालचाल टप्प्याटप्प्याने कशी घडते, यावर मात्र संशोधकांची मते अजून पूर्ण जुळलेली नाहीत.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे, की हा रेणू टी पेशीला दाखवला जातच नाही. तो आपल्या पेशीतील एका प्रथिनाची घडण बदलतो, आणि टी पेशी त्या बदललेल्या प्रथिनाला ओळखते.

प्रश्न (दुग्धव्यावसायिक, कोल्हापूर) : बीटीएन प्रथिनांच्या कुळाला ब्युटायरोफिलिन म्हणतात असे वाचले. डेअरीच्या अभ्यासक्रमात हाच शब्द दुधाच्या संदर्भात ऐकला होता. दोन्ही एकच का?

कूळ एकच, सदस्य वेगळे. ब्युटायरोफिलिन या नावाचा अर्थ ग्रीक मुळाप्रमाणे ‘लोण्याची आवड असलेले’ असा होतो. कुळातील पहिले प्रथिन, बीटीएन१ए१, दुधातील स्निग्धकणांभोवतीच्या पातळ आवरणात सापडले आणि तेथूनच हे नाव पडले. त्याच्याशी साम्य असलेली जनुके पुढे माणसाच्या सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए जनुकांच्या जवळच, ओळीने आढळली, आणि नाव सगळ्या कुळाला चिकटले. बीटीएन३ए१ आणि बीटीएन२ए१ यांचे दुधाशी काही काम नाही. दूध-तूप खाल्ल्याने ही प्रथिने वाढतील, असे समजू नये.

प्रश्न (औषधविक्रेता, परभणी) : जीवनसत्त्व ब-२ वरूनही टी पेशी जंतू ओळखतात असे ऐकले. मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती वाढते, असे ग्राहकाला सांगता येईल का?

कृपया असे सांगू नका. आपण ऐकले त्यात तथ्य आहे, पण त्यातून गोळीचा निष्कर्ष निघत नाही.

माणूस जीवनसत्त्व ब-२ स्वतः बनवू शकत नाही. पुष्कळ जीवाणू आणि किण्वे ते बनवतात. बनवताना जो एक अर्धवट पदार्थ तयार होतो, त्याची पेशीतल्या साध्या मिथाइलग्लायॉक्सालसारख्या रेणूशी अभिक्रिया होऊन एक अतिशय अस्थिर रेणू जन्मतो. पाण्यात तो फार काळ टिकत नाही. पण आपल्या पेशींतील एमआर१ हे प्रथिन त्याला आपल्या छोट्या खोबणीत पकडते. खोबणीच्या तळाशी असलेले एक लायसिन त्याच्याशी सहसंयुज बंध जोडते आणि तो अस्थिर रेणू तेथे सुरक्षित राहतो. मग एमआर१ त्याला पेशीबाहेर नेऊन ‘मेट’ नावाच्या टी पेशींना दाखवते. हे काम प्रामुख्याने मेलबर्नच्या संशोधकांनी २०१२ आणि २०१४ मध्ये उजेडात आणले. या पेशी रक्तातील टी पेशींच्या १ ते १० टक्के असतात आणि यकृतात तर त्यांचे प्रमाण बरेच जास्त असते.

नाशिकच्या विद्यार्थिनीने येथे तुलना करून पाहावी. एमआर१ आपला रेणू बाहेर आणून खरोखरच दाखवते, एचएलएच्या जुन्या रीतीप्रमाणे. बीटीएन३ए१ आपला रेणू आतच ठेवते.

आपल्या प्रश्नापुरते महत्त्वाचे एवढेच, की मेट पेशी ओळखतात तो पदार्थ तयार झालेले जीवनसत्त्व नसून ते बनत असतानाचा मधला रेणू असतो. गोळीत असते ते तयार ब-२. ज्याच्या आहारात ते कमी आहे, त्याला गोळीचा उपयोग आहे आणि तो जरूर सांगावा. पण गोळी घेतली म्हणून मेट पेशी चेतवल्या जाणार नाहीत.

प्रश्न (आरोग्यसेविका, गडचिरोली) : आमच्याकडे क्षय आणि हिवताप दोन्ही आहेत. या पेशींचा त्यांच्या उपचारात काही उपयोग होण्यासारखा आहे का?

दोन्ही रोगांशी व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ पेशींचा जवळचा संबंध आहे, म्हणून आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. क्षयाचा जंतू एचएमबीपीपी बनवतो आणि बीसीजी लशीतला त्याचा सौम्य भाईबंदही बनवतो. माकडांवर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीसीजीनंतर या पेशी वाढल्या आणि दुसऱ्यांदा संपर्क आल्यावर अधिक झपाट्याने वाढल्या, म्हणजे त्यांनी आठवण ठेवल्यासारखे वर्तन दाखवले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात असताना या पेशींवरचे काम आपल्याकडे अधिक व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिवतापाचा परजीवी जीवाणू नाही, तरीही तो हाच रेणू बनवतो. त्याच्या पेशीत शैवालाच्या हरितलवकाचा एक रंगहीन अवशेष शिल्लक आहे, आणि जीवाणूंचा तो मार्ग त्या अवशेषात चालतो. हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात या टी पेशींचे प्रमाण वाढलेले दिसते. हा मार्ग अडवणारे फॉस्मिडोमायसिन नावाचे प्रतिजैविक हिवतापावर तपासूनही पाहिले गेले आहे.

उपचार म्हणून सध्या सर्वाधिक प्रयत्न कर्करोगात चालू आहेत. काही अर्बुदांमध्ये आयपीपी बनवणारी साखळी जोरात चालते, त्यामुळे ती या पेशींच्या नजरेत येण्याची शक्यता असते. बीटीएन३ए प्रथिनांना बाहेरून धरून त्यांना चेतलेल्या स्थितीत नेणारे प्रतिपिंड मानवी चाचण्यांत पोहोचले आहेत. आतल्या रेणूने जे करायचे, ते हा प्रतिपिंड बाहेरून करतो. ही वाटचाल संथ असण्याचे एक साधे कारण आहे : उंदरांत ना ही टी पेशी आहे, ना बीटीएन३ए१. नव्या औषधाची पहिली पारख जेथे होते, त्या प्राण्यात ही यंत्रणाच नसल्यामुळे मानवी पेशी, माकडे आणि मानवी जनुके घातलेले उंदीर यांवर विसंबावे लागते. दक्षिण अमेरिकेतील अल्पाका या लोकरी प्राण्यात मात्र तिच्याशी जुळणारी यंत्रणा आढळली आहे, आणि २०२३ च्या कामात त्याच्या प्रथिनांचाही उपयोग झाला. आज आपल्या केंद्रावर या पेशींसाठी देता येईल असे कोणतेही औषध नाही. क्षयाची आणि हिवतापाची नेहमीची औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतली जातील, हे पाहणेच सध्या आवश्यक आहे.

नाशिकच्या विद्यार्थिनीने पत्राच्या शेवटी विचारले आहे, की या रचना स्वतः पाहता येतील का. येतील, आणि विनामूल्य. प्रोटीन डेटा बँक हा १९७१ मध्ये सुरू झालेला संग्रह सर्वांना खुला आहे. त्यात बीटीएन३ए१च्या बी३०.२ भागाची रेणूसह असलेली रचना शोधा, पृष्ठभाग विद्युतभारानुसार रंगवून घ्या, निळा खळगा सापडला की त्यात हिस्टिडिन कोठे आहे ते पाहा, आणि त्याच्या जागी आर्जिनिन बसवून खळग्यात रेणूसाठी किती जागा उरते ते मोजा.